यू नसलेला क्यू

मागच्या दिवाळीच्या सुटीत माझी भाची पुण्याहून आली, ती पिशवीत एक खेळ घेऊनच. स्क्रॅबल. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा खेळ असेल. पंधरा आडवी, पंधरा उभी अशी दोनशे पंचवीस घरं असलेला पट, आणि इंग्रजी अक्षरांच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या चौकोनी सोंगट्या. प्रत्येकानं सात सोंगट्या उचलायच्या, त्यांतून शब्द जुळवायचे, पटावर मांडायचे. प्रत्येक अक्षराला ठरलेले गुण. सोप्या अक्षराला कमी, अवघड अक्षराला जास्त.

भाचीनं सोंगटी उचलली आणि तोंड वाकडं केलं. मी विचारलं, "काय आलं?" तिनं दाखवलं : क्यू. मी म्हणालो, "वा! दहा गुणांचं अक्षर." ती म्हणाली, "मामू, यू कुठं आहे?"

आमच्या शाळेत इंग्रजीच्या सरांनी एक नियम आम्हांला घोटून घेतला होता. नवरीमागे जशी करवली, तसा क्यूमागे यू. क्वीन, क्विक, क्वेश्चन. यू नाही तर क्यू नाही. मी मनात म्हटलं, पोरगी अडकली. पण तिनं दोन मिनिटं विचार केला आणि पाच सोंगट्या ओळीनं मांडल्या. टी, ए, एल, ए, क्यू.

तलाक.

मी जरा दचकलोच. म्हटलं, "बेटा, हा शब्द इंग्रजी आहे?" ती म्हणाली, "यादीत आहे." "अर्थ ठाऊक आहे ना?" ती हसली. "आपल्या घरात कुणाला ठाऊक नसतो मामू? पण इथं अर्थाला मार्क नाहीत. चौदा झाले माझे, लिहा."

मी चौदा लिहिले. पण तो शब्द मला रात्रभर डाचत राहिला. ज्या शब्दापायी १९६६ साली हमीद दलवाईंनी सात महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, जो एका दमात तीनदा उच्चारण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली रद्द ठरवली आणि २०१९ साली संसदेनं गुन्हा ठरवली, तो शब्द या पटावर चौदा गुणांचा होता. सकाळी मी भाचीकडून ती यादी मागून घेतली. यू नसलेल्या क्यूच्या शब्दांची यादी. स्क्रॅबल खेळणारे ती पाढ्यांसारखी पाठ करतात. मी चष्मा लावून वाचायला बसलो, आणि मला वाटलं, ही इंग्रजी शब्दांची यादी नाही, ही आमच्या मोहल्ल्याची हजेरी आहे. कादी म्हणजे काजी. फकीर. किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा. बुरका. निकाब. वक्फ. फिक्ह, म्हणजे धर्मशास्त्रातला कायदा. कव्वाली. कसीदा. मुकद्दम. कलमदान. आणि आमचा तलाक. ही सगळी मंडळी इंग्रजी कोशात कधी गेली, आणि यू न घेता तिथं त्यांना कुणी बसू दिलं? त्याचीच गोष्ट आज सांगणार आहे.

आधी खेळाचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेत आल्फ्रेड मोशर बट्स नावाचे एक वास्तुशिल्पी होते. महामंदीत, १९३१ साली, त्यांची नोकरी गेली. रिकाम्या वेळात त्यांनी शब्दांचा एक खेळ बांधायला घेतला. कोणतं अक्षर किती वेळा द्यायचं आणि त्याला किती गुण ठेवायचे, हे ठरवायला त्यांनी एक अगदी साधा उपाय केला. न्यूयॉर्क टाइम्ससारखी वर्तमानपत्रं समोर ठेवून अक्षरं मोजली. ई सगळ्यांत जास्त भेटला, म्हणून शंभर सोंगट्यांत ई बारा. क्यू अगदी क्वचित भेटला, म्हणून क्यू एकच आणि त्याचे गुण दहा. यू मात्र चारच. पुढे जेम्स ब्रुनो यांनी १९४८ साली या खेळाला स्क्रॅबल हे नाव दिलं आणि तो बाजारात आणला. पहिल्या वर्षी त्यांना तोटा झाला. १९५२ नंतर मात्र मागणी पुरवता येईना.

बट्स यांच्या मोजणीतून एक पेच तयार झाला. क्यू एक, यू चार. चारही यू कुणी वापरून टाकले, की क्यू ज्याच्या हाती उरला त्याच्या गळ्यात धोंड. खेळ संपताना सोंगटी हातात राहिली तर दहा गुण वजा होतात, आणि आधी सुटलेल्या खेळाडूच्या खात्यात ते जमा होतात. म्हणून खेळणाऱ्यांनी शब्दकोश धुंडाळले आणि यूवाचून चालणारे शब्द वेचून काढले. चीनमधून आलेला 'क्यू-आय' हा दोन अक्षरी शब्द, उच्चार 'ची', अर्थ प्राणशक्ती. तो उत्तर अमेरिकेच्या स्पर्धांच्या यादीत २००६ साली आला, तेव्हा खेळाडूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. चिनी शब्दांत हा क्यू आला तो १९५८ सालच्या नव्या रोमन लेखनपद्धतीमुळे. ध्रुवाकडच्या इनुइट लोकांकडून कातडी होडीचा 'उमियाक' आला. अल्बानियाच्या नाण्याचा 'किंदार' आला. हिब्रूतून 'शेकेल' आला. पण यादीत सर्वांत मोठा घोळका अरबीचा. कारण अरबीत एक अक्षर आहे, ज्याला इंग्रजीत क्यूशिवाय दुसरं घर मिळालं नाही.

ते अक्षर म्हणजे काफ.

इथं माझी मराठीत पंचाईत होते. अरबी-उर्दूत काफ दोन. एक साधा, आपल्या क सारखा. दुसरा घशाच्या अगदी तळातून येणारा, पडजिभेपाशी अडवून सोडलेला, डोक्यावर दोन नुक्ते असलेला. लिहायला गेलो तर देवनागरीत दोन्हींचं नाव 'काफ'च. लहानपणी मक्तबमध्ये आम्ही त्यांना ओळखायचो ते असं : किताबवाला काफ आणि कलमवाला काफ. मौलवीसाहेबांचा सगळा जीव त्या कलमवाल्या काफात. ते म्हणायचे, "घशातून काढ. 'कुल' म्हणजे 'सांग'. तू जिभेनं म्हणालास तर त्याचा अर्थ 'खा' होतो. अल्लाचा हुकूम सांगण्याचा आहे, तू खायला बसलास!" दुसरं उदाहरण त्याहून कडक. घशातला 'कल्ब' म्हणजे काळीज. जिभेवरचा 'कल्ब' म्हणजे कुत्रा. एवढा फरक त्या दोन नुक्त्यांत.

तिथून सुटून आम्ही मराठी शाळेत जायचो. तिथं कायदाही क नं, कमळही क नं. मौलवीसाहेबांचा घसा तिथं कुणी विचारत नव्हतं. माझ्या कानात हे दोन क तेव्हापासून शेजारी राहतात.

आता गंमत पाहा. इंग्रजीचा क्यू आणि अरबीचा काफ ही दोन परकी अक्षरं नाहीत. ती सख्खी भावंडं आहेत. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी भूमध्य सागराच्या पूर्व किनाऱ्यावर फिनिशियन व्यापारी राहत. त्यांच्या लिपीत 'कोफ' नावाचं अक्षर होतं, याच घशातल्या ध्वनीसाठी. त्याचा अर्थ कोणी माकड सांगतं, कोणी सुईचं नेढं. तेच अक्षर एका वाटेनं हिब्रूत आणि अरबीत गेलं, दुसऱ्या वाटेनं ग्रीकांकडे. ग्रीकांच्या बोलण्यात तो घशातला ध्वनी नव्हता. त्यांनी अक्षर घेतलं, 'कोप्पा' म्हणाले, काही काळ ओ आणि उ या स्वरांआधी वापरलं. कॉरिंथ शहराच्या नाण्यांवर ते अक्षर छापलेलं असे. मग त्यांना उमगलं की हे काम 'काप्पा' एकटा करू शकतो. कोप्पा निवृत्त झाला. पण आकडा म्हणून राहिला. ग्रीक हिशोबात तो नव्वद. अरबी अबजद मोजणीत, जिच्यावरून आमचे उर्दू कवी शेरात साल लपवतात, काफ म्हणजे शंभर. स्क्रॅबलमध्ये त्याचे दहा झाले.

ग्रीकांनी टाकण्याआधीच ते अक्षर इटलीत एट्रस्कन लोकांकडे आणि तिथून रोमनांकडे पोचलं होतं. सुरुवातीच्या लॅटिनमध्ये क च्या एका ध्वनीसाठी तीन अक्षरं होती. ए च्या आधी के, ई आणि आय च्या आधी सी, ओ आणि यू च्या आधी क्यू. पुढे सी नं जवळपास सगळं राज्य घेतलं. के कोपऱ्यात गेला. क्यू उरला तो फक्त यूच्या सोबतीनं, 'क्व' हा ध्वनी लिहायला. तेव्हा क्यूमागे यूची गाठ बांधली गेली ती रोममध्ये.

इंग्रजीत मात्र ही गाठ फार उशिरा आली. जुन्या इंग्रजीत राणीला 'क्वेन' म्हणत, पण ते लिहीत सी नं, क्यू नव्हे. 'क्विक'सुद्धा सी नंच. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यांच्याबरोबर फ्रेंच वळणाचे लेखनिक आले. त्यांना आपल्या सवयीचं लेखन हवं होतं. त्यांनी जिथं जिथं 'क्व' ऐकलं तिथं तिथं क्यू-यू लिहिलं. दोन-अडीचशे वर्षांत जुनं लेखन पुसलं गेलं. इंग्रजांची राणी राजवाड्यात बसली होती, पण तिच्या पदाचं स्पेलिंग जिंकणाऱ्यांच्या कारकुनांनी बदलून टाकलं. आमच्या सरांनी घोटून घेतलेला तो अटळ नियम म्हणजे एका लढाईनंतर पडलेली कचेरीतली सवय होती. ज्याच्या हाती लेखणी, त्याचं स्पेलिंग. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग यूची गाठ सुटली कशी? त्यासाठी अरबी शब्द इंग्रजीत दोन वेगवेगळ्या दारांनी कसे आले, ते पाहावं लागेल.

पहिलं दार बाजाराचं. कापसाला अरबीत 'कुत्न' म्हणतात, घशातल्या काफनं. स्पेन-फ्रान्समार्गे तो इंग्रजीत 'कॉटन' झाला. सोनं आणि हिरे मोजायचा 'कीरात' तो 'कॅरट'. घुमटाला 'कुब्बा', त्याला मागे 'अल' लागून स्पॅनिशमार्गे 'अल्कोव्ह'. 'कहवा' तुर्कस्तानातून फिरत 'कॉफी'. आणि सर्वांत लाडका शब्द 'कॅन्डी'. तो तर आपलाच. संस्कृत 'खंड', म्हणजे साखरेचा खडा. आपण खांड म्हणतो ती. इराणात त्याचं 'कंद' झालं, अरबांनी त्याला घशातला काफ दिला, फ्रेंचांनी तो चाटून टाकला आणि इंग्रजांच्या मुलांच्या हातात तो गोळी होऊन पोचला. हे सगळे शब्द तोंडातोंडी आले. गोणीबरोबर, जहाजाबरोबर, वाटीबरोबर. वाटेत त्यांचा काफ झिजला. इंग्रजीत ते सी नं लिहितात. कॉटनला आज कुणी अरबी म्हणत नाही.

दुसरं दार ग्रंथालयाचं. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात आणि नंतर युरोपी पंडितांनी अरबी, फारसी पोथ्या उघडल्या. आधी तेही कानावर पडेल तसं लिहीत. हेन्री यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली निघाला. त्यात काजी भेटतो तो सी नं, मुकद्दमही क्यूविना. पण अरबीचे अभ्यासक काटेकोर होत गेले. त्यांना दोन काफ कागदावर वेगळे दिसायला हवे होते. किताबवाल्याला के दिला. कलमवाल्याला काय द्यायचं? कुणी के खाली टिंब दिलं. कुणी विचार केला, हा क्यू रिकामाच आहे, आणि याच काफचा भाऊ आहे. दिला तोच. यूची गरज नव्हती, कारण ध्वनी 'क्व' नव्हताच. अशा रीतीनं दोन-अडीच हजार वर्षांनी ती दोन भावंडं इंग्रजी कोशाच्या पानावर पुन्हा भेटली.

म्हणून मला असं वाटतं, इंग्रजीतला यू नसलेला क्यू हा पाहुण्याच्या छातीवर लावलेला बिल्ला आहे. तो शब्दाचा मान राखतो, त्याचं मूळ सांभाळतो. आणि त्याच वेळी सांगतो की हा घरातला नाही. कॉटनला बिल्ला नाही, कारण ते घरचं झालं. किब्लाला बिल्ला आहे, कारण तो अजून बैठकीच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसला आहे.

आणि मराठी? मराठीत काफचे शब्द आले ते बाजार आणि कचेरी या दोन्ही दारांनी, पण बिल्ला कुणालाच लागला नाही. हिंदी लिहिताना कुणी काटेकोर माणूस क खाली नुक्ता देतो. मराठीनं नुक्ता घेतला नाही. कायदा, हक्क, कर्ज, बाकी, कबूल, कलम, किल्ला, नकाशा, नक्कल, तालुका, मुकादम. या प्रत्येकात मूळचा घशातला काफ आहे. 'कौल' हा 'कौल' म्हणजे बोल, दिलेला शब्द. आज प्रत्येक निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं 'जनतेचा कौल' छापतात. अरबीत टाळ्याला 'कुफ्ल' म्हणतात. मराठीनं त्यातली अक्षरं उलटीसुलटी करून 'कुलूप' केलं आणि वर त्याला किल्ली लावली. इंग्रजी कोशात यूवाचून बसलेला तो 'मुकद्दम' परदेशी विद्वानासारखा भासतो. आपला मुकादम ऊसतोडीच्या टोळीबरोबर पहाटे ट्रॅक्टरमागे चालत असतो. माणूस एकच.

मराठीनं त्यांचं मूळ मात्र पुसलं नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, पहिली आवृत्ती १८३१ची, उघडून पाहा. अरबी शब्दापुढे एक छोटी खूण असते. खूण कोशात, बोलण्यात नाही. ते शब्द मराठीतून काढावेत असं वाटणारेही झाले. शिवाजी महाराजांच्या वेळी राज्यव्यवहारकोश तयार झाला, फारसी-अरबी कारभारी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. सावरकरांनी दिलेले दिनांक, महापौर हे शब्द आपण सगळेच वापरतो, मीही. माधव जूलियन यांचं तर मला कायम कोडं वाटतं. मराठी गझलेच्या वाटेवरचं आद्य नाव. १९२५ साली फार्शी-मराठी कोश त्यांनीच केला, १९३३ साली 'गज्जलांजली' त्यांचीच, आणि १९३८ साली 'भाषाशुद्धिविवेक' लिहिणारेही तेच. एकाच माणसानं आधी पाहुण्यांची नावं लिहून घेतली आणि मग त्यांना दार दाखवायचं की नाही यावर ग्रंथ लिहिला. मला त्यांचा राग येत नाही. माझ्याही मनात दोन काफ आहेतच की.

आणि उच्चाराचं म्हणाल, तर अरबांचं तरी कुठं एकमत आहे? कैरोत काफ गिळूनच टाकतात. कहव्याला 'अहवा' म्हणतात. आखातात तो ग होतो, 'गहवा'. हैदराबादेत आणि इकडे मराठवाड्यातल्या दखनीत त्याचा ख होतो; काजीचा 'खाजी', कानूनचा 'खानून'. आमच्या मौलवीसाहेबांना हे सांगितलं असतं तर छडी मिळाली असती. पण अक्षर जगलं ते असं, प्रत्येक गावच्या घशाशी तडजोड करत.

इंग्रजी कोशाचं एक औदार्य मला आवडलं ते सांगतो. प्रवाशांनी एक लिहिलं, पंडितांनी दुसरं, तर कोशानं दोन्ही ठेवली. काजीची तीन स्पेलिंगं स्क्रॅबलमध्ये चालतात. सी नं लिहिलात तर सात गुण, के नं नऊ, क्यू नं चौदा. न्यायाधीश एकच, पगार वेगळा. फकीर तर चार तऱ्हांनी चालतो, आणि त्यांतल्या एकात कुणा सरळमार्गी माणसानं क्यूमागे यूसुद्धा घातला आहे, आमच्या सरांच्या समाधानासाठी. कुणी मधे येऊन विचारत नाही की बाबा, खरा फकीर कोणता.

आता घरची गोष्ट. माझ्या अम्मीचं नाव सिद्दीका. सिद्दीका म्हणजे सत्य सांगणारी. निकाहनाम्यावर ते उर्दूत आहे, कलमवाल्या काफनं. तिच्या शाळेच्या दाखल्यावर मराठीत आहे, आपल्या क नं. २०१४ साली वडील गेले. ते प्राथमिक शिक्षक होते. त्यांची एक मुदत ठेव होती, त्यावर वारस म्हणून अम्मीचं नाव. बँकेच्या संगणकात ते नाव कुणीतरी के नं भरलं होतं. आधार कार्डावर ते क्यू नं आलं होतं. अम्मीनं दोन्ही वेळा तोंडानं एकच नाव सांगितलं होतं. ज्याच्या हाती लेखणी, त्याचं स्पेलिंग.

खिडकीवरच्या माणसानं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, "नावात तफावत आहे." मी म्हणालो, "एकच नाव आहे." तो म्हणाला, "मला कळतं हो, पण सिस्टीमला कळत नाही." माणूस वाईट नव्हता. त्याच्यापुढे रांग होती. आम्ही चार महिने चकरा मारल्या. दाखला आणा, रहिवासाचा पुरावा आणा, तालुक्याला जाऊन या. तालुका, म्हटलं, या शब्दातही तोच काफ आहे, पण ते तिथं कुणाला सांगणार! एकदा सांगण्यात आलं, सोपा मार्ग म्हणजे राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. अम्मी तोवर गप्प बसून होती. ती म्हणाली, "मी नाव बदललंच नाही. मग बदललं म्हणून का छापायचं?"

शेवटी शंभर रुपयांच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र झालं. क्यू असलेली सिद्दीका आणि के असलेली सिद्दीका ही एकच व्यक्ती आहे, असं तिथं लिहिलं. वकिलानं वाचून दाखवलं तेव्हा अम्मी म्हणाली, "सत्तर वर्षांत मला कधी शंका आली नव्हती." खाली सही करायची होती. ती सही मराठीत करते. शाळेत शिकली तशी, सावकाश, वरची रेघ शेवटी ओढून. बँकेच्या जुन्या अर्जावर, वडिलांच्या ठेवीच्या कागदावर, या प्रतिज्ञापत्रावर, तिन्ही ठिकाणी ती सही अगदी एकसारखी होती. इंग्रजी स्पेलिंगांचा चार महिने तंटा चालला, आणि मराठीत तंट्याला जागाच नव्हती.

हे मी मराठीच्या कौतुकासाठी सांगत नाही. मराठीतल्या क नं माझ्या अम्मीच्या नावातला एक ध्वनी कायमचा गमावलाही आहे. मौलवीसाहेबांचं ऐकायचं तर सगळा अर्थ त्या ध्वनीत होता. पण ते नाव गावात हाक मारण्याजोगं झालं. शेजारच्या काकू तिला 'सिद्दीकाबाई' म्हणतात, त्यांच्या घशाला काही त्रास होत नाही. इंग्रजीनं अक्षर जपलं आणि पाहुणचार केला. मराठीनं अक्षर सोडलं आणि नातं जोडलं. दोन्हींची किंमत आहे. फक्त एका गोष्टीची भीती वाटते. अक्षर हीच ओळख धरली आणि माणूस खिडकीबाहेर उभा राहिला, तर त्या जपण्याला अर्थ नाही.

स्क्रॅबलमध्ये माणसाच्या अर्थाचं ओझं नसतं, हे मान्य. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स हे या खेळातले मोठे नाव. २००७ साली जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईत झाली, ती त्यांनी जिंकली. २०१५ साली त्यांनी फ्रेंच भाषेतली जागतिक स्पर्धा जिंकली, आणि त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. शब्द नुसते पाठ केले होते. ही अफाट बुद्धी आहे, मी तिला सलाम करतो. तरी माझ्यासारख्या कवीला तसं खेळता येणार नाही. माझ्या हातात क्यू आला की मला शब्दाआधी माणसं दिसतात.

त्या सुटीत शेवटच्या दिवशी आम्ही पुन्हा डाव मांडला. अम्मी शेजारी तांदूळ निवडत बसली होती. क्यू या वेळी माझ्या वाट्याला आला. भाचीला म्हटलं, "तुझ्या आजीचं नाव लावू?" ती म्हणाली, "नावं चालत नाहीत मामू, नियम आहे." अम्मीनं ताटातून मान वर न करता विचारलं, "इथंही चालत नाही का?"

आम्ही तिघंही हसलो. मी आय शोधला, पटावरचा एक डी धरला आणि कादी लावला. चौदा गुण.